साधी हवा

मालवणहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी आईला फोटो दाखवत होते. किल्ला, बाजारातलं खाजं, सोलकढीचे रिकामे पेले, सगळं तिने मोबाइल हातभर लांब धरून कौतुकाने पाहिलं. मग स्कूबा डायव्हिंगच्या आधी बोटीच्या काठावर बसलेला माझा फोटो आला. अंगाला चिकटलेला काळा सूट, कपाळावर सरकवलेला मास्क, पाठीला पिवळी टाकी. तो फोटो तिने पुढेही ढकलला नाही आणि मोठा करूनही बघितला नाही. मोबाइल चटईवर पालथा ठेवला आणि म्हणाली, "तो ऑक्सिजनचा सिलिंडर बघवत नाही गं मला." मी पटकन बोलून गेले, "आई, ऑक्सिजन नसतो त्यात. साधी हवा असते. आत्ता आपण घेतोय तीच." तिला बरं वाटावं म्हणून बोलले होते. ती उठली, कुकरच्या शिट्ट्या मोजायला ओट्यापाशी गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "साधी हवा तर इथंही होतीच की. मग यांना ती का पुरली नाही?"

तिला उत्तर नको होतं. मला मात्र ते वाक्य सोडेना.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत, पुण्यात काय चाललं होतं ते पुन्हा सांगायला नको. आमच्या घरापुरतं सांगायचं तर बाबा खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ८४ आकडा होता. "मला काहीही होत नाहीये, ते यंत्र बिघडलंय," असं ते शब्दकोड्यावरून मान वर न करता म्हणाले. यंत्र मी माझ्या बोटाला लावलं, आईच्या लावलं, शेजारच्या काकूंच्याही लावलं. सगळ्यांचे आकडे ९७-९८. दुपारपर्यंत भावाने कुठून कुठून फोन करून दोन छोटे सिलिंडर मिळवले. काळं अंग, पांढरी मान. त्यांचा जिन्यावर टेकत-टेकत वर येतानाचा ठण्ण ठण्ण आवाज अजून माझ्या कानात आहे. छोट्या सिलिंडरमध्ये दीड घनमीटर, म्हणजे १५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला ५ लिटर लावला तर ३०० मिनिटं, पाच तास. हे गणित मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने मांडलं होतं आणि त्याखाली वेळा लिहिल्या होत्या: रात्री ९, पहाटे २, सकाळी ७. पहाटे दोनला उठून चावीने एक बंद करायचा, दुसरा उघडायचा, रिकामा तसाच जिन्याने खाली. ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणाऱ्या फ्लोमीटरमधली ती इवलीशी गोळी पाचच्या रेघेवर तरंगत राहायची, आणि खालच्या पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे निघत राहायचे. गुडगुड, गुडगुड, रात्रभर. आई ती बाटली उकळून गार केलेल्या पाण्याने भरायची. सिलिंडरमधला वायू अगदी कोरडा असतो, म्हणून त्याला पाण्यातून फिरवून पाठवायचं, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. चौथ्या दिवशी खाट मिळाली, बाबांना हलवलं. नवव्या दिवशी ते गेले. आम्ही कोणीच जवळ नव्हतो.

ह्या सगळ्यानंतर मी पाठीला टाकी बांधून समुद्रात का उतरले, हे आईने विचारलं नाही. मलाही नीट सांगता आलं नसतं. तारकर्लीला सगळे करतात म्हणून केलं, असं मी मैत्रिणींना सांगितलं. पण टाक्या भरतात ती जागा आधी मुद्दाम जाऊन बघून आले, हे नव्हतं सांगितलं.

त्या वाक्यानंतरच्या शनिवारी गाडीत हवा भरायला आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. लिंबाखाली त्याचा लाल कॉम्प्रेसर, शेजारी काळ्या पाण्याचा टब. त्याने नळी लावली, फुस्स झालं, काटा बघून म्हणाला, "मागे तीस ठेवलीय ताई." तीस पीएसआय. मी तिथेच हिशेब करत उभी राहिले. माझ्या पाठीवरच्या टाकीत ह्याच्या शंभरपट होती, साधारण तीन हजार. बाकी फरक असा काहीच नाही. तीच आपल्या भोवतालची हवा, ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, उरलेल्या एका टक्क्यात बहुतेक आरगॉन. टायरमध्ये जी, तीच टाकीत. फक्त टाकीतली स्वच्छ करून, कोरडी करून, पराकोटीची दाबून बसवलेली. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत पाणी भरलं तर जेमतेम ११ लिटर मावेल, आपल्या पाण्याच्या मोठ्या जारच्या अर्ध्याएवढं. तेवढ्या जागेत २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशेपट दाबाने २२०० लिटर हवा कोंबलेली असते. आमच्या घरातली अडीच लोखंडी कपाटं भरतील एवढी हवा, माझ्या कमरेपासून मानेपर्यंतच्या नळकांड्यात. तिला वजनही असतं, अडीच किलोंहून जास्तच. डाइव्ह संपत येते तशी टाकी हलकी होते आणि तिचा बुडखा वर तरंगू पाहतो, कोणीतरी मागून शर्ट धरून हळूच उचलावं तसा. शाळेत "हवेला वजन असते" हे फुगे आणि तराजूने शिकले होते. अंगाला पहिल्यांदा कळलं ते तिथे.

भरायच्या जागी, पत्र्याच्या शेडखाली, विशीतला एक मुलगा काम करत होता. टाक्या पाण्याच्या हौदात उभ्या केलेल्या. हवा दाबली की तापते, म्हणून. त्याने माझा हात धरून एका टाकीवर ठेवला. पाण्यात असूनही ती तापातल्या कपाळासारखी गरम होती. गार झाली की काटा खाली येतो, मग पुन्हा थोडी भरावी लागते. मानेपाशी धातूत ठोकलेले आकडे होते: क्षमता, दाब, चाचणीची तारीख. दर काही वर्षांनी टाकी पाण्याने भरून कामाच्या दाबाहून जास्त दाब देऊन बघतात, ती फुगते किती आणि परत मूळ मापावर येते का ते. जी येत नाही ती बाद. "आणि हे बघा," म्हणत त्याने शेडच्या पलीकडे, वाऱ्याच्या दिशेला, उंच बांधलेला पाइप दाखवला. हवा ओढायचं तोंड तिथे. इंजिनाचा धूर जर त्या तोंडात गेला तर कार्बन मोनॉक्साइड टाकीत जातो, आणि त्याला ना वास, ना रंग. वर चालून जाईल एवढा अंशही खाली दाबामुळे जीव घेऊ शकतो. एवढं सांगून त्याने एक टाकी किंचित उघडली, नाकाशी धरली, मग माझ्याही. काहीच वास नव्हता. मालवणच्या त्या शेडमध्ये डिझेलचा, सुक्या मासळीचा, रबराचा, मिठाचा वास होता आणि त्या एका फुस्समध्ये कशाचाच नाही. मला भरून आलं. का ते त्या मुलाला सांगितलं नाही. २०२१ मध्ये आमच्या हातात आलेले सिलिंडर कोणी भरले, कुठे भरले, कोणी हुंगून पाहिले, आम्ही विचारलंच नव्हतं. विचारायला वेळ कुठे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट किल्ल्याच्या पलीकडे नेली. इन्स्ट्रक्टरने दोन गोष्टी घोटून घेतल्या. एक, अंगठा वर केला तर 'छान' असं नाही, 'वर चला' असा अर्थ. छानसाठी अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. दुसरी, श्वास थांबवायचा नाही. "काय होणा नाय ताई," तो म्हणाला, "फक्त श्वास धरून ठेवू नका. कधीच नाही." आई रोज पहाटे प्राणायाम करते. पूरक, कुंभक, रेचक मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि त्यात मोठेपणा कुंभकाचा. पाण्याखाली मात्र कुंभक जीवघेणा. दहा मीटरवर घेतलेला छातीभर श्वास कोंडून तसाच वर आलात, तर वाटेत दाब निम्मा होतो आणि छातीतली हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसाला तेवढी जागा नसते. म्हणून आत-बाहेर, आत-बाहेर, अखंड.

आणि श्वास मिळतो तो मागितला की. ह्या मागण्याची गोष्ट मला फार आवडते. टाकीतली २०० बारची हवा थेट तोंडात आली तर माणूस फाटेल. म्हणून टाकीच्या मानेवर बसवलेला रेग्युलेटरचा पहिला भाग ती साधारण १० बारपर्यंत उतरवतो आणि तोंडातला दुसरा भाग तिला बरोब्बर भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी करून देतो, तेही तुम्ही ओढाल तेव्हाच. आत एक पातळ रबरी पडदा असतो. श्वास ओढला की तो आत झुकतो, दांडी दाबतो, झडप उघडते. सोडला की बंद. हे जमवलं ते १९४३ मध्ये फ्रान्समध्ये, युद्ध चालू असताना. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून गाड्या गॅसवर चालवायची धडपड होती आणि एमिल गान्यां नावाच्या इंजिनिअरने इंजिनाला मागेल तेवढाच गॅस देणारी झडप केली होती. नौदलातल्या झाक कुस्तोला पाण्याखाली तसंच काहीतरी हवं होतं. दोघांनी मिळून ती झडप माणसाच्या छातीला जोडली. बाबांच्या फ्लोमीटरमधली गोळी मात्र पाचच्या रेघेवर एकसारखी तरंगत असायची, त्यांनी श्वास घेतला तरी आणि सोडला तरी.

खाली गेले. कानाला दडे बसले, आंबोली घाट उतरताना बसतात तसे. नाक चिमटीत धरून फुंकलं की टक् करून सुटले. हिरवट, धुरकट पाणी. खडकावर एक काळा-पिवळा मासा अंग घासत होता. इन्स्ट्रक्टरने मनगटावरचा आकडा दाखवला: ९ मीटर. आणि मग मला ऐकू आलं. श्वास ओढताना फुसफुस, सोडताना गुडगुड, गुडगुड. बुडबुडे कानाशेजारून वर जात होते. मी डोळे मिटून घेतले. इन्स्ट्रक्टरने खांद्यावर हात ठेवून वर्तुळ करून विचारलं, मी वर्तुळ करून दाखवलं. मास्कच्या आत पाणी होतं, ते समुद्राचं नव्हतं.

आता आईच्या प्रश्नाकडे येते.

ऑक्सिजन किती टक्के आहे ह्याला शरीरात फारसा अर्थ नाही. अर्थ आहे तो किती दाबाने फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांच्या पडद्यावर टेकतो ह्याला; तिथूनच तो रक्तात जातो. आपल्या इथे हवेचा एकूण दाब साधारण १ बार, त्यात ऑक्सिजनचा वाटा ०.२१. पाण्यात दर दहा मीटरला आणखी एक बार वाढतो. दहा मीटरवर एकूण दोन, आईच्या कुकरमध्ये शिट्टी व्हायच्या वेळी असतो जवळपास तेवढाच. ९ मीटरवर १.९. त्याचे २१ टक्के केले की ०.४ येतात. म्हणजे मी साधी हवाच घेत होते, पण तिच्यातला ऑक्सिजन माझ्या छातीत जमिनीवरच्या दुपटीने टेकत होता, जणू कोणी मला ४० टक्के ऑक्सिजन लावला होता. आणि साध्या मास्कमधून मिनिटाला ५ लिटर लावला की माणसाला मिळतो तोही साधारण चाळीसच टक्के. हे कागदावर मांडलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी तो कागद बराच वेळ नुसता धरून बसले. बाबा पलंगावर मास्क लावून जे घेत होते, जवळजवळ तेच मी समुद्राच्या तळाशी घेत होते. ते ऑक्सिजन वाढवून, मी दाब वाढवून. फरक पुढे होता. माझा पडदा पातळ आणि मोकळा. मला त्या वाढीव ऑक्सिजनची गरजच नव्हती. त्यांच्या फुप्फुसातल्या फुग्यांत पाणी भरलं होतं, पडदा जाड झाला होता. चाळीस टक्के ऑक्सिजनही तो पुरेसा ओलांडत नव्हता. हवा कमी नव्हती, आई. दार बंद होत चाललं होतं.

ते आकडा ८४ असताना शब्दकोडं कसं सोडवत होते, हेही तेव्हाच नीट समजलं. गुदमरल्याची जाणीव आपल्याला ऑक्सिजन कमी झाल्याने फारशी होत नाही, मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. तो त्यांच्या फुप्फुसातून अजून निघून जात होता, म्हणून आतून कोणी धोक्याची घंटा वाजवलीच नाही. ते खोटं बोलत नव्हते. ह्या एका गोष्टीने मला खूप हलकं वाटलं. चार वर्षं मला वाटत होतं की आम्हाला त्रास नको म्हणून त्यांनी लपवलं.

हे कळण्यामागे जे. एस. हॉल्डेन हा ब्रिटिश शास्त्रज्ञ आहे. श्वासाची लगाम कार्बन डायऑक्साइडच्या हातात असते, हे त्याने १९०५ मध्ये दाखवलं. १९०८ मध्ये खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांनी किती टप्प्यांत वर यावं ह्याची कोष्टकं त्याने दिली, शेळ्यांना पोलादी दाबकक्षात ठेवून केलेल्या प्रयोगांवरून. आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूने फुप्फुसं जळालेल्या सैनिकांना मास्कमधून मोजून ऑक्सिजन द्यायचं साधनही त्यानेच केलं. माझी डाइव्ह आणि बाबांचा मास्क, दोन्हींच्या मागे एकच माणूस. त्याचा मुलगा म्हणजे आपल्याकडे येऊन राहिलेले, भुवनेश्वरला १९६४ मध्ये वारलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. त्यांनीही दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांसाठी दाबकक्षात स्वतःवर प्रयोग केले, आणि ऑक्सिजनमुळे आलेल्या झटक्यात पाठीचा मणका दुखावून घेतला. ऑक्सिजनने झटका येतो, हो. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते १८७८ मध्येच लिहून ठेवलं होतं. निव्वळ ऑक्सिजनची टाकी घेऊन सहा मीटरच्या खाली गेलात तर हाच ऑक्सिजन मेंदूवर उलटू शकतो. म्हणून टाकीत साधी हवा. नायट्रॉक्स म्हणतात त्या मिश्रणात ऑक्सिजन वाढवून ३२ टक्के करतात, पण ते घेऊन ३३-३४ मीटरच्या खाली जायचं नाही. आणखी खोल जाणारे ऑक्सिजन उलट कमी करतात आणि हेलियम मिसळतात, कारण तीस मीटरच्या पुढे नायट्रोजनच दारूसारखा चढायला लागतो.

नायट्रोजनचं आणखी एक आहे. तो दाबाने रक्तात, चरबीत मुरतो आणि वर येताना हळूहळू सुटावा लागतो. घाईने आलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे. आमची एकच डाइव्ह, तीही उथळ. तरी इन्स्ट्रक्टर म्हणाला, आजच घाट चढू नका, रात्र इथे काढा. आंबोली सुमारे ६९० मीटर, पुणं ५६०. वर हवेचा दाब कमी. आम्ही राहिलो. रात्री बाहेर खुर्ची टाकून बसले होते तेव्हा वाटलं, आत्ता अंगातला जास्तीचा नायट्रोजन एकेका श्वासाने बाहेर जातोय आणि ह्याला घाई करून चालत नाही. दुसऱ्या दिवशी घाट चढून आलो. पुण्यातली साधी हवा मालवणच्या साध्या हवेपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळच आहे. बाबांचा सगळा जन्म ह्याच हवेवर गेला आणि ती त्यांना ७४ वर्षं पुरली.

काल संध्याकाळी आई गॅलरीत तुळशीपाशी बसली होती. मी तो कागद घेऊन गेले. आकडे तिला वाचून दाखवले नाहीत. कुकरचं सांगितलं, दाराचं सांगितलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही, मंजिऱ्या खुडून हातात गोळा करत राहिली. सांगून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे तुला तिथं खाली यांच्याएवढाच मिळत होता?"

"जवळजवळ."

"मग कसं वाटतं गं?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "यांना विचारायचं राहूनच गेलं. मास्कमधून बोललेलं कळायचं नाही."

मी आठवून सांगितलं, खरं तेवढंच. "काही वेगळं वाटत नाही. हलकं वाटतं. आपलाच श्वास मोठ्याने ऐकू येतो, बाकी सगळं शांत. आणि तोंड कोरडं पडतं. खूप कोरडं, जीभ टाळ्याला चिकटते."

"यांचंही पडायचं," आई म्हणाली. "चमच्याने पाणी द्यायचे मी. मास्क जरा बाजूला करून. चार चमचे घ्यायचे, की मान हलवायचे, पुरे म्हणून."

तिने मंजिऱ्या कुंडीत टाकल्या, हात झटकले आणि माझा मोबाइल मागितला, तो फोटो पुन्हा बघायला.